आदिवासींचा आरोग्यविदा : आकड्यांचे धनी कोण, निर्णयांचे उत्तरदायी कोण?

जबलपूर : गोंड राजसत्तेची स्मृती जपणाऱ्या मदन महल किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, गढा भागात नागपूर मार्गावर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८४ मध्ये आदिवासींसाठीचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने चार दशके मध्य भारतातील हिवताप, सिकलसेल, क्षयरोग आणि कुपोषण यांचा अभ्यास केला आहे. मंडला, दिंडोरी, शहडोल या भागांतील गोंड व बैगा वस्त्यांमधून रक्ताचे नमुने येथे येत राहिले. एकेकाळी त्यांच्या नोंदी कागदी वह्यांत होत असत. आता त्या भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपमधून थेट जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरील डॅशबोर्डवर पोहोचतात. कोणत्या गावात किती तपासण्या झाल्या, कोठे औषध पाठवायचे, कोणत्या तालुक्यावर खर्च करायचा, याचे निर्णय या आकड्यांवर होऊ लागले आहेत.

आरोग्यसेवेतील महाविदा, म्हणजेच बिग डेटा, हा विषय बहुधा महानगरांतील मोठ्या रुग्णालयांच्या संदर्भात चर्चिला जातो. परंतु त्याची खरी नैतिक कसोटी मध्य भारताच्या या पट्ट्यात लागत आहे. येथे विदा देणारा समाज आणि त्यावर निर्णय घेणारे अधिकारी यांच्यातील अंतर सर्वांत मोठे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४० लाखांहून अधिक होती. त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे १ कोटी ५३ लाख, मध्य प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख होती. या समाजाच्या आरोग्याविषयीची माहिती कोणी, कशासाठी आणि कोणत्या मर्यादेत वापरावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

विदा नसणे हाही अन्याय

या चर्चेत एक गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. माहितीचा दुरुपयोग जसा अनैतिक, तसाच माहितीचा अभावही अनैतिक ठरू शकतो. महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने पुढाकार घेऊन राज्यातील बालमृत्यूंची स्वतंत्र मोजणी केली आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शासकीय नोंदींमध्ये दिसणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्याने दाखवून दिले. नोंद न झालेले मूल धोरणातही नसते. त्याच्यासाठी औषध येत नाही, परिचारिकेचे पद मंजूर होत नाही आणि कोणालाही जाब विचारला जात नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्यावरील अहवाल सादर केला, तेव्हाही आदिवासींच्या आरोग्याची वेगळी आणि विश्वासार्ह आकडेवारी उपलब्ध नसणे ही मोठी त्रुटी असल्याचे तिने नमूद केले होते.

जबलपूरलगतच्या मंडला जिल्ह्याने याची दुसरी बाजू दाखवली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मध्य प्रदेश शासन आणि सन फार्मा या औषधनिर्मिती कंपनीने स्थापन केलेली एक ना-नफा संस्था यांनी २०१७ पासून तेथील १,२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला. ताप असलेल्याचा शोध, जागेवर तपासणी, लगेच उपचार आणि त्यानंतर रुग्णाचा पाठपुरावा अशी त्याची चार पावले होती. नोंदींसाठी एक अ‍ॅप विकसित करण्यात आले. जून २०१७ ते मे २०२० या काळात जिल्ह्यातील स्थानिक संसर्गाच्या हिवतापात ९१ टक्के घट झाल्याचे या प्रकल्पाच्या निष्कर्षांत नोंदवले गेले.

या यशातील नैतिक सूत्र सहज निसटण्याजोगे आहे. मंडलात ज्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जाई, त्याला त्याचा निष्कर्ष तेथेच कळत असे आणि गरज असल्यास औषधही मिळत असे. माहिती वर जाण्यापूर्वी तिचा लाभ माहिती देणाऱ्याच्या हाती पडत होता. पर्यवेक्षकाच्या पडद्यावर उमटणारा आकडा हा आधीच झालेल्या उपचाराची नोंद असे. आरोग्य प्रशासनातील प्रत्येक डॅशबोर्डसमोर हा क्रम आरशासारखा धरता येईल. तपासणी आणि उपचार यांच्यात महिन्यांचे अंतर पडत असेल, तर तेथे रुग्णसेवेऐवजी केवळ विदासंकलन चालू आहे, असे समजावे.

सिकलसेल : आजन्म टिकणारी नोंद

हिवतापाची नोंद काही आठवड्यांत जुनी होते, सिकलसेलची मात्र आयुष्यभर पुसली जात नाही. ती एका व्यक्तीपुरतीही नसते. आईवडील, भावंडे आणि जन्माला न आलेली अपत्ये यांच्याविषयीही ती काही सांगत असते. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ केला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि १७ राज्यांतील आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे पहिले लक्ष्य. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक तपासण्या झाल्याचे केंद्र सरकारने सांगितले. त्यांत २ लाखांहून अधिक रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक आढळले.

तपासणी झालेल्यांना आनुवंशिक स्थिती दर्शवणारे कार्ड दिले जाते. त्याचा हेतू स्वच्छ आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. विवाहापूर्वी हे ठाऊक असेल तर जोडप्याला विचारपूर्वक निर्णय घेता येतो. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध वेळेवर मिळू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश असल्याने नोंद हा हक्काचा आधारही ठरतो.

परंतु तेच कार्ड गावात वेगळ्या अर्थानेही वाचले जाऊ शकते. वाहक व्यक्ती बहुधा निरोगी आयुष्य जगते. इतकेच नव्हे, तर तिला गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि याच कारणाने हे जनुक हिवतापग्रस्त प्रदेशांत टिकून राहिले. तरीही ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील भेद समजावून न सांगता कार्ड हाती पडले, तर लग्नाच्या बोलणीत ते दोष म्हणून पुढे येते आणि त्याचा भार पुष्कळदा मुलीकडे ढकलला जातो. जो कागद निर्णयाचे स्वातंत्र्य देण्यासाठी निघाला, तोच स्थळ मोडण्याचे कारण ठरतो.

ही भीती काल्पनिक नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या परिसरात सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण मोठे होते. तेथे तपासणी व समुपदेशनानंतर काही वर्षांनी संशोधकांनी आढावा घेतला. वाहकांना विवाहाच्या वेळी कमीपणा सोसावा लागला, काहींनी आपली स्थिती दडवली आणि वाहकांमधील विवाहांचे प्रमाणही अपेक्षेप्रमाणे घटले नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल तपासणी सक्तीची करणारे कायदे केले. निरोगी वाहकांना नोकऱ्यांत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला, वायुसेना अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला. अखेर १९७२ च्या राष्ट्रीय कायद्याने निधीसाठी तपासणी ऐच्छिक असण्याची अट घातली आणि २००८ मध्ये आनुवंशिक माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा झाला. भारतात तसा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. कोट्यवधी आनुवंशिक नोंदी आधी तयार झाल्या आणि त्यांचे कवच मागाहून येणार आहे, अशी आपली स्थिती आहे.

कायदा कोठवर पोहोचतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२० मध्ये राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेचे आरोग्यविदा व्यवस्थापन धोरण आले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. चौकट उभी राहिली, हे स्वागतार्ह आहे. पण मदन महलच्या आसपासच्या जिल्ह्यांतून पाहिले असता तिच्यातील तीन फटी स्पष्ट दिसतात.

पहिली फट भाषेची आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीत उपलब्ध असावी, असे कायदा सांगतो. गोंडी त्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली होती. ‘वाहक’, ‘जनुक’, ‘विदा सामायिक करणे’ या संकल्पना परक्या भाषेतील छापील मजकुरातून समजल्या, असे गृहीत धरून घेतलेला अंगठा कायद्याला पुरेसा वाटेल, विवेकाला वाटणार नाही.

दुसरी फट समूहाची आहे. कायदा व्यक्तीचे संरक्षण करतो, मात्र आनुवंशिक माहितीने होणारी हानी अनेकदा समाजाची असते. नावे वगळली म्हणजे नोंद निनावी झाली, असे मानले जाते. परंतु तीस-चाळीस घरांच्या बैगा पाड्यात वय, लिंग आणि गाव एवढेच कळले तरी माणूस ओळखू येतो. ‘अमुक जमातीत दोष आहे’ हे वाक्य तर कोणाचेही नाव न घेता सर्वांनाच डागते. अमेरिकेतील हवासुपाई या मूलनिवासी समाजाचा अनुभव यासंदर्भात आठवावा. मधुमेहाच्या संशोधनासाठी त्यांनी १९९० पासून रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांचा उपयोग मानसिक आजार आणि पूर्वजांचे स्थलांतर यांवरील अभ्यासांसाठी झाल्याचे त्यांना कळले. २०१० मध्ये विद्यापीठाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली आणि उरलेले नमुने परत करावे लागले. भारतातही क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये समूहाच्या विदा-हक्कांचा विचार मांडला होता. मात्र २०२३ च्या कायद्यात त्याला स्थान मिळाले नाही.

तिसरी फट सर्वांत महत्त्वाची. तीच रक्ताची चाचणी संशोधन म्हणून झाली, तर ती नैतिकता समितीसमोर जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आदिवासी समूहांना विशेष संरक्षण मिळते, समाजाच्या प्रमुखांची परवानगी घेतली तरी वैयक्तिक संमती सुटत नाही. परंतु तीच चाचणी शासकीय कार्यक्रमाचा भाग म्हणून झाली, तर अशा समितीची पायरी लागत नाही. कल्याणकारी लाभ देण्यासाठी शासनाला विदा वापरण्याची मुभा कायद्यानेही दिली आहे. संशोधन व सांख्यिकीसाठीची सवलत मात्र, त्या विदेवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नाही, या अटीवर आहे. सिकलसेल कार्यक्रमात या दोन गोष्टी एकाच नोंदीत मिसळतात. एकाच आकड्यावरून जिल्ह्याचे नियोजनही होते आणि एका मुलीच्या हातात कार्डही पडते. या सीमारेषेवर पहारा कोणाचा, याचे उत्तर कोणत्याही एका कागदात सापडत नाही. म्हणूनच ते निर्णयकर्त्यांनी स्वतः द्यावे लागते.

डॅशबोर्डचा मोह

जिल्हाधिकारी, मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता यांच्यासमोरील अडचण खरी आहे. निधी मर्यादित, पदे रिक्त आणि वरून रोज आकड्यांची विचारणा. अशा वेळी मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागते. तपासण्यांची संख्या मोजणे सोपे असते. समुपदेशन कितपत समजले, पक्की चाचणी वेळेत झाली का, औषध सहा महिने अखंड मिळाले का, हे मोजणे कठीण. मग आशा कार्यकर्तीवर दबाव येतो तो तपासण्यांचा, आणि सहज भेटणाऱ्यांचीच तपासणी वाढत जाते. हंगामी कामासाठी नागपूर, पुणे वा गुजरातेत गेलेली कुटुंबे यादीबाहेर राहतात. शंभर टक्क्यांचा हिरवा रंग पडद्यावर उमटतो, पण तो कोणत्या एकूण संख्येच्या शंभर टक्के, हे विचारायचे राहून जाते.

दुसरा मोह आहे उपलब्ध आकड्यालाच गरज समजण्याचा. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रणालीतील दोष उघड केला. ही प्रणाली रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवत असे. कृष्णवर्णीय रुग्णांवर पूर्वीपासूनच कमी खर्च होत आल्याने तितकेच आजारी असूनही ते कमी गरजू ठरत होते. दोष दूर केला असता अतिरिक्त सेवेसाठी निवडल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. प्रणालीला कोणीही भेदभाव शिकवला नव्हता. तिने केवळ चुकीची गोष्ट मोजली होती. हाच धोका आपल्याकडेही आहे. आयुष्मान भारत योजनेच्या दाव्यांवरून रोगभार ठरवला, तर जेथे रुग्णालयच नाही तेथून दावे येणार नाहीत आणि तेथे आजारही नाही, असा निष्कर्ष निघेल.

सिकलसेलच्या बाबतीत हा दोष उलट दिशेनेही घडू शकतो. विदर्भात हा आजार अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास वर्गांतही आढळतो, हे अनेक दशकांपासून ज्ञात आहे. तपासणी प्रामुख्याने आदिवासी भागांत झाली, तर आकडेही तेथूनच येतील आणि ‘हा आदिवासींचाच आजार’ हा समज आकड्यांच्या आधाराने पक्का होईल. त्यात आदिवासींवर शिक्का बसतो आणि नागपूर-भंडाऱ्यातील बिगरआदिवासी रुग्ण अनेक वर्षे संधिवात किंवा पंडुरोग समजून उपचार घेत राहतो.

सुरक्षेचा प्रश्न तर वेगळाच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वोच्च रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेन घेऊन काम करावे लागले. तेथे हे घडू शकते, तर तालुका पातळीवरील सामायिक पासवर्ड आणि खासगी भ्रमणध्वनीवरील याद्या किती सुरक्षित असतील, याचा विचार प्रत्येक अधिकाऱ्याने करावा.

नेतृत्वाची कसोटी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी दहा नैतिक तत्त्वे जाहीर केली. स्वायत्तता, सुरक्षितता, खासगीपणा, उत्तरदायित्व यांचा त्यांत समावेश आहे. तत्त्वे उत्तम आहेत. प्रश्न ती जिल्हा बैठकीच्या टेबलावर कशी उतरतील, हा आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. काही गोष्टी आजच्या अधिकारांतच शक्य आहेत.

तपासण्यांच्या संख्येशेजारी उपचार सुरू झालेल्यांची आणि टिकलेल्यांची संख्या मांडणे बंधनकारक करता येईल. कार्यक्रमातील आनुवंशिक नोंदी अन्य प्रयोजनासाठी वापरायच्या असतील, तर संशोधनाप्रमाणेच नैतिकता समितीचा अभिप्राय घेता येईल. जबलपूरमध्ये आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आणि नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही असल्याने त्यासाठी तज्ज्ञता दूर शोधावी लागणार नाही. गोंडी आणि बैगानी बोलीत, तोंडी, स्थानिक समुपदेशकाकडून समजावणी देता येईल. विवाहयोग्य मुलामुलींची स्थिती केवळ त्यांनाच सांगण्याचा दंडक घालता येईल. खासगी भागीदार असलेल्या प्रकल्पांत विदेची मालकी, तिचा कालावधी आणि ती नष्ट करण्याची तारीख करारातच लिहिता येईल. आणि निष्कर्ष सर्वप्रथम ज्या गावातून आले, त्या गावच्या ग्रामसभेत एकत्रित स्वरूपात, कोणाचीही ओळख उघड न होता, मांडता येतील.

यावर आक्षेप येईल की, एवढी पथ्ये पाळत बसलो तर काम मंदावेल आणि तोवर मुले दगावतील. हा आक्षेप हलका नाही. ज्याच्या घरी सिकलसेलच्या वेदनांनी मूल रात्रभर कण्हते, त्याला खासगीपणाच्या व्याख्येपेक्षा औषध महत्त्वाचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वेग आणि विवेक यांत येथे विरोध नाही. मंडलातील हिवतापाचे काम वेगाने झाले, कारण तपासलेल्याला ताबडतोब काही मिळत होते, म्हणून लोक पुढच्या वेळीही दार उघडत होते. एकदा विश्वास उडाला की दारे बंद होतात, नावे खोटी सांगितली जातात आणि मग सर्वांत महागडी प्रणालीही निरुपयोगी आकड्यांनी भरते. ऑर्कोमेनोसमध्ये लोकांनी आपली स्थिती दडवली, ती या बंद दारांचीच सूचना होती.

अखेरचा मुद्दा उत्तरदायित्वाचा. ‘प्रणालीने असे दाखवले’ हे वाक्य आरोग्य प्रशासनात हळूहळू रुळते आहे. प्रणाली दाखवते, निर्णय माणूस घेतो. एखाद्या आरोग्य केंद्रातील समुपदेशकाचे पद आकड्यांच्या आधारे कमी केले, तर त्या निर्णयावर सही करणाऱ्याने कोणते आकडे पाहिले, कोणते पाहिले नाहीत आणि त्या केंद्राच्या परिसरातील किती कुटुंबे यादीबाहेर होती, हे त्याला सांगता आले पाहिजे. मदन महलच्या परिसरातील संशोधन संस्थेत जमा होणारा रक्ताचा प्रत्येक नमुना कोणाच्या तरी शरीरातून आलेला आहे. शहडोल, मंडला, गडचिरोली वा नंदुरबारच्या पाड्यावर त्या माणसाला आपल्या थेंबाच्या बदल्यात काय मिळाले, याचे उत्तर डॅशबोर्डवर दिसू लागेल, त्या दिवशी महाविदेचा वापर नैतिक झाला, असे म्हणता येईल.